ठिपक्याची तेरवी

खोली पाहायला गेलो त्या दिवशी सुभेदारांनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, अंडी खाता का हेही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "किती वाजले?" मी मनगट वर केलं तर म्हणाले, "घडी नका पाहू. आधी तोंडानं सांगा, मंग पाहा." मी म्हटलं, अकरा. घड्याळात साडेबारा होते. माणूस खूश झाला. म्हणाले, "दीड घंटा चुकले तुमी. पन सांगतलं तं खरं. बरेच जन सांगतच नाईत. खोली तुमची."

हे माझे अमरावतीचे घरमालक. बडनेरा रोडच्या एका कॉलनीत त्यांचं घर, वरच्या खोलीत मी. मी मूळचा अकोल्याचा, अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कंत्राटी मास्तर. कंत्राटी म्हणजे दर जूनमध्ये आपण नव्यानं जन्माला यायचं, आणि मधले दिवस साहेबलोकांच्या तोंडाकडे पाहत काढायचे. तशी सवय मला होतीच, म्हणून सुभेदारांशीही पटलं.

सुभेदारांची सारी नोकरी विमानं पाडणाऱ्या तोफांच्या पलटणीत गेली. पण तोफेला त्यांनी हात लावला नव्हता. त्यांचं काम एका बंद डब्यात पडद्यासमोर बसायचं. पडद्यावर ठिपका आला की तो आपला की परका हे ठरवायचं. ठिपक्याच्या बाजूला मशीन स्वतःचं मत लिहून दाखवायची, आणि ते मानायचं की नाही हे बसणाऱ्याच्या डोक्यावर. आमच्या पुस्तकांत अशा मशीनला लांबलचक नाव आहे, निर्णयसाहाय्य वगैरे. सुभेदार तिला 'सांग्या' म्हणत. आणि एकदा हा शब्द सापडल्यावर त्यांनी तो साऱ्या जगाला लावला. फोनमधला नकाशा सांग्या, कुकरची शिट्टी सांग्या, दवाखान्यातलं बीपीचं मशीन सांग्या. सांग्याशी त्यांचं भांडण नव्हतं. अट एकच, सांग्यानं तोंड उघडायच्या आधी आपण आपलं बोलून मोकळं व्हायचं.

आता ही अट ऐकायला बरी वाटते. तिच्यासोबत राहून पाहा. दवाखान्यात डॉक्टरीणबाई हाताला पट्टा बांधायच्या तेव्हा हे आधी जाहीर करत, "आज एकशे चाळीसच्या वर हाय." आणि ते असायचंच, कारण आपला अंदाज खरा ठरतो की नाही या काळजीनंच त्यांचं बीपी चढलेलं असे. बाईंनी गोळ्या वाढवल्या. मग चक्कर येऊ लागली. चक्कर आली की हे म्हणत, "आता खाली आलं असन. लावा पट्टा."

धारणीला एका लग्नाला आम्ही जीपनं गेलो तेव्हाची गोष्ट. मेळघाटातला रस्ता, त्यात एका फाट्यावर फोन म्हणाला उजवीकडं. सुभेदारांनी फोन बोलायच्या आधीच सांगून टाकलं होतं, डावीकडं. ड्रायव्हर बिचारा फौजी माणसाला मान देणारा, त्यानं डावीकडं घातली. रस्ता आधी अर्धा झाला, मग पाव झाला, मग नाला आला. नाल्यापलीकडच्या म्हाताऱ्यानं आमच्याकडं पाहून हसायला जी सुरुवात केली ती आम्ही जीप वळवेपर्यंत थांबवली नाही. परत फाट्यावर आल्यावर सुभेदार म्हणाले, "मशीन बरोबर, मी गलत. हे दोन घंटे माह्या नावावर टाका."

मी वैतागून म्हटलं, "मग आधी सांगून फायदा काय झाला?"

"फायदा हा का मी गलत होतो हे मले कयलं. नुसता फोन पाहून आले असते तं तुमाले काय कयलं असतं? काईच नाई. तुमी फक्त पोचले असते."

"पोचाचंच तं होतं ना साहेब," ड्रायव्हर म्हणाला. लग्न लागून गेलं होतं. आम्हाला गार भात मिळाला.

दारामागं त्यांची एक शाळेतली पाटी टांगलेली असे. मधोमध रेघ, एकीकडं 'फायदा', दुसरीकडं 'घाटा'. घरात कोणताही सांग्या आला की आठ दिवस त्याची पाटीवर झडती. कुकरच्या खाली लिहिलं होतं. फायदा: गॅस कमी, वरण लवकर. घाटा: हिनं वासावरून ओयखनं सोडलं. ही म्हणजे काकू. त्या बाळापूरकडच्या, बागाईतदार माळ्यांच्या घरातल्या. वांगं हातात न घेता किडकं आहे हे सांगणाऱ्या. त्यांनी पाटीवर कधी काही लिहिलं नाही, पण पोळ्या लाटता लाटता मला म्हणाल्या, "भाऊ, खरा घाटा लिवतच नाईत हे. कुकर आल्यापासून हा मानूस माह्या चुलीपाशी येऊन शिट्ट्या मोजून राह्यला."

या साऱ्या वेडाचं मूळ एका गोष्टीत होतं. सीमेवर एकदा पडद्यावर ठिपका आला. मशीननं लिहिलं, परका. सुभेदार म्हणाले, आपला. वरून साहेब फोनवर ओरडत होता, बोल, लवकर बोल. हे म्हणाले, थांबा. तो ठिपका खरोखर आपलाच निघाला, विमानातलं ओळख सांगणारं यंत्र बिघडलं होतं. ही गोष्ट मला त्यांनी पहिल्यांदा सांगितली तेव्हा ते चार सेकंद थांबले होते. दिवाळीत सांगितली तेव्हा दहा. कॉलनीच्या गणपतीत माईकवर अर्धा मिनिट थांबले, आणि समोरच्या बायकांनी श्वास धरला. शेवटचं वाक्य मात्र कधी हललं नाही. "आपल्या मानसावर या हातानं कधी बटन दाबलं नाई." कॉलनीत त्यांना जो मान होता, म्हणजे पाण्याच्या टँकरवर पहिला शब्द त्यांचा, पोरांच्या भांडणात निवाडा त्यांचा, तो सारा या एका वाक्यावर उभा होता. आणि खरं सांगायचं तर ते स्वतःही त्यावरच उभे होते.

आता माझं नशीब पाहा. त्याच वर्षी एका कंपनीनं आमच्या कॉलेजला काम दिलं, ते नेमकं सांग्याचं. नवा सांग्या, फौजेला विकायचा. आकाशातले ठिपके पाहून हा शत्रूचा ड्रोन, ही घार, हे आपलं हेलिकॉप्टर असं फटाफट सांगणारा. आमच्याकडं काम एवढंच की माणूस एकटा बसला तर कसा ठरवतो आणि सांग्याच्या सोबतीनं कसा ठरवतो याची चाचणी घ्यायची, आणि फायदा-तोटा लिहून अहवाल द्यायचा. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सारं कॉलेज नुसतं 'सर' म्हणे, ते मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "हे नीट पार पडलं की तुझ्या कायम होण्याचा प्रस्ताव मी स्वतः घेऊन जातो." नीट म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

चाचणीला निवृत्त फौजी हवे होते. चार मिळाले. त्यात सुभेदार अर्थातच होते, आणि चांदूर रेल्वे गावाहून गाडीनं येणारे एक नाईक होते. हे नाईक पहिल्याच दिवशी चहा पिताना म्हणाले, "मशीन सांगून राह्यली ना, मंग मी काहून डोकं खपवू?" सुभेदारांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की बिचाऱ्यांनी बिस्कीट खाली ठेवलं.

पहिला दिवस बिनसांग्याचा. आणि मला सांगायला वाईट वाटतं, सुभेदारांनी मार खाल्ला. त्यांच्या काळात शत्रू म्हणजे गर्जत येणारं विमान. हे बारकं, संथ, घिरट्या घालणारं प्रकरण त्यांना सरळ घार वाटे. तीन ड्रोन त्यांनी पक्षी म्हणून सोडून दिले. दुसऱ्या दिवशी सांग्या चालू केला. सुभेदार पाटी घेऊनच आले. ठिपका आला की आधी पाटीवर आपलं लिहायचं, मग मान वर करून सांग्याकडं पाहायचं. दोन्ही जुळलं नाही की आपलंच खरं धरायचे. तसं आणखी दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा सांग्या बरोबर निघाला. शेजारी नाईक पाय हलवत, सांग्या म्हणेल ते दाबत, पैकीच्या पैकी गुण घेत बसले होते.

चहाच्या सुट्टीत सुभेदारांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि पिशवीत घातली. मला म्हणाले, "मशीन माह्याहून शायनी हाय. मानाले पायजे." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. का ते सांगतो.

चाचणीत मी एक खोट टाकली होती. सरांना न विचारता. दोन वर्षं या माणसाच्या घरात राहून माझ्या डोक्यात हे भिनलं होतं की सांग्या चुकेल तेव्हा माणूस काय करतो हेही पाहायला पाहिजे. म्हणून शेवटच्या ठिपक्याला मी सांग्याकडून मुद्दाम खोटं बोलवलं होतं. ठिपका आपल्या हेलिकॉप्टरचा, सांग्या म्हणणार शत्रू. फसवाफसवी नको म्हणून सकाळीच चौघांना नकाशावर सांगूनही ठेवलं होतं की आपलं एक हेलिकॉप्टर नदीच्या काठानं, याच वाटेनं परत येणार आहे. सुभेदारांनी ते मोठ्यानं म्हणूनही दाखवलं होतं. मनातल्या मनात मी ही जागा त्यांच्यासाठीच राखून ठेवली होती. सारे फसतील, हा एक माणूस थांबेल, आणि माझ्या अहवालात सोन्याचं पान लागेल.

चहानंतर सुभेदार भराभर दाबत गेले. सांग्या आणि ते, एकदम जोडीनं. सर मागं उभे राहून मान डोलावत होते. मग तो ठिपका आला. नदीच्या काठानं, सावकाश, सकाळी सांगितलेल्या वाटेनं. सांग्यानं लिहिलं, शत्रू. चौघांनीही बटण दाबलं. सुभेदारांचं बोट नाईकांच्याही आधी गेलं.

पडद्यावर अक्षरं आली, आपलं विमान पाडलं. नाईक हसले, म्हणाले, "घ्या, गेलं आपलंच." सर माझ्याकडं वळले. सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मला विचारलं, "आत किती जन होते?"

"साहेब, तो नुसता ठिपका आहे," मी म्हटलं. "आत कोणी नाही. वेग आणि उंची, एवढंच भरलंय मी."

"हेलिकॉप्टर आपोआप नाई उडत. दोन चालवनारे, आन् याच्यात तीन बसतेत. पाच झाले." मग म्हणाले, "मशीन चुकली कशी?"

तेव्हा मला सांगावंच लागलं की चुकवली मी. वाटलं, आता खोली गेली. पण ते म्हणाले, "बरं केलं." एवढंच, आणि बसनं घरी गेले. तोवर माझ्या स्कूटरवर मागं बसून येत-जात होते.

संध्याकाळी मी घरी आलो तर काकू पायरीवर कपाळाला हात लावून बसल्या होत्या. आत सुभेदारांनी सुतक धरलं होतं. बापाशपथ सांगतो, सुतक. दाढी बंद, पूजा बंद, गोड बंद, खाली चटईवर झोप. मी समजावलं, काकूंनी समजावलं. त्यांचं उत्तर एकच. आपल्या हातून आपले पाच गेले, आणि त्यांच्या घरचं कोणी नाही, तर पाळायचं कोणी?

"माह्या देवाले दिवा लावाचा का नाई, ते तरी सांगा," काकू म्हणाल्या.

"तू लाव. बटन म्या दाबलं. तुले सुतक नाई."

"सुतक घराले लागते. बटनाले नाई लागत," काकू म्हणाल्या, आणि दिवा न लावता आत गेल्या. शेजारणी येऊन हळूच विचारायच्या, कोन गेलं वो? काकू म्हणत, "कॉम्प्युटरातले हायेत पाच जन. मले बी नावं ठाऊक नाईत." कॉलनीत आधी हशा झाला. मग कोणीतरी विचारलं, म्हणजे सुभेदारांनी आपलंच विमान पाडलं म्हणायचं? मग हशाचा सूर बदलला. टँकर आला तेव्हा पहिला शब्द दुसऱ्याच कोणाचा झाला, ते मी गच्चीवरून पाहिलं. मला वाईट वाटलं आणि माझी लाजही वाटली. त्या माणसाला मी मोठेपणा द्यायला गेलो होतो.

तेरवीला पाच पानं मांडली. एका पानावर नाईक, दोन पानांवर शेजारी, एकावर मी, आणि पाचव्यावर चक्क आमचे सर. सरांना मी बोलावलं नव्हतं, सुभेदारांनी फोन केला होता. काकूंनी तेरा दिवस बडबड केली होती, पण त्या दिवशी पहाटेपासून चुलीला लागल्या होत्या. वांग्याची भाजी, वरण, पोळ्या, बुंदी. वाढताना प्रत्येक पानासमोर क्षणभर उभ्या राहत होत्या. नाईक पोळीचा तुकडा पानातच फिरवत होते. त्यांनीही तेच बटण दाबलं होतं, आणि आपण कोणाचं पान जेवतोय हे त्यांना उशिरा उमगलं होतं.

सर बुंदी बाजूला सारून मुद्द्यावर आले. "सुभेदारसाहेब, तो शेवटचा प्रकार आम्ही अहवालातून काढतोय. तो काही मशीनचा दोष नाही, आमच्या या शहाण्यानं मुद्दाम घुसवलेला होता. मोजायचाच नाही. मशीन तुमच्यापेक्षा चांगली ठरली हे तुम्हीच पाहिलंत. कंपनी खूश, याची नोकरी पक्की, आणि तुमचंही नाव स्वच्छ. बाहेर कोणाला काही सांगायचं कारण उरत नाही."

मी पानात पाहत राहिलो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं की हे हो म्हणतील तर किती बरं. सरांच्या बोलण्यात चूकही फारशी नव्हती. खोट मीच टाकली होती.

सुभेदार वाढायचं थांबून खाली बसले. म्हणाले, "सर, यानं खोट टाकली ते ठीक. तिकडं मशीन सोताच्या मनानं चुकन तवा कोनी सांगून चुकन का? आन् चुकली, तं मी काहून थांबलो नाई, ते लिवा. सकायी नकाशा पाह्यला होता मी. वाट मालूम होती. पन ती दिवसभर बरोबर होती, मी दिवसभर गलत होतो. मंग मी माहं बोलनंच बंद केलं. नाईक तं सुरुवातीपासून बोललेच नाईत, म्हनून त्याइचं काई गेलं नाई. माहं गेलं."

"मग उपाय काय?" सर म्हणाले. "माणसानं आधी बटण दाबायचं, तोवर मशीननं गप्प बसायचं? चार सेकंद जातात त्यात. ड्रोन तेवढ्यात डोक्यावर येतो. चार सेकंदांत पलटण जाते, साहेब."

"जाते," सुभेदार म्हणाले. "हाव, जाते. ते बी लिवा."

सर गोंधळले. मीसुद्धा. आम्हाला वाटलं होतं हा माणूस सांग्याच्या विरुद्ध बोलेल. ते म्हणाले, "मी तवा थांबलो म्हनून आपले वाचले, हे साऱ्या कॉलनीले पाठ हाय. पन थांबल्यानं मेले असते, तं ते सांगाले मी गनपतीत उभा राह्यलोच नसतो. तिकडची गोष्ट कोनी सांगत नाई, कारन सांगनारा उरत नाई. चार सेकंदानं पाच वाचतीन का पन्नास जातीन, हे मले नाई सांगता येत. इतकी वर्सं मले वाटलं का येते. म्हनून दोनी लिवा. जो वर बसून ठरवनार हाय त्याले दोनी दिसू द्या."

सर उठले. हात धुताना मला हळूच म्हणाले, "तू काय ते ठरव." प्रस्तावाबद्दल काही बोलले नाहीत, आणि पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा जन्माला आलो नाही. आता अकोल्यात शिकवतो, बरं चाललंय. पण ते नंतरचं.

अहवाल मी दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या ओसरीत बसून लिहिला, सुभेदार समोर होते. आदल्या दिवशीच दाढी केल्यानं चेहरा लहान दिसत होता. सांग्यामुळं किती ड्रोन सापडले ते लिहिलं, किती वेळ वाचला ते लिहिलं. मग शेवटचा ठिपका लिहिला, आणि सवयीनं घातलं, 'ऑपरेटर क्रमांक दोन'. चाचणीत माणसाचं नाव लिहीत नाहीत, नियमच तसा आहे. त्यांना ते वाचून दाखवलं तर म्हणाले, "नंबर दोननं कोनाले नाई मारलं. नाव टाका."

मी नियम सांगितला. ते ऐकेनात. मी नाव आणि आडनाव लिहिलं आणि कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, आणि परत माझ्याकडं सरकवला.

"बापाचं नाव बी टाका. आन् गाव टाका," ते म्हणाले. "या नावाचे फौजेत लय हायेत. भलत्याच कोनावर नको जायाले."